साठ मिलिसेकंदांचा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या इंदूरच्या कॉलेजात वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, सुरू होतात. वायवाची खोली पहिल्या मजल्यावर, पश्चिमेच्या अंगाला. खिडकीत कूलर बसवलेला आहे, पण त्यातलं पाणी दुपारी दोनपर्यंत संपतं आणि मग तो नुसती गरम हवा आत ढकलत राहतो. मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. एकेक मूल आत येतं, खुर्चीच्या कडेवर टेकतं, आणि मी इतक्या वर्षांत न बदललेला प्रश्न विचारतो. रिअल-टाइम सिस्टिम म्हणजे काय?

"सर, जो बहुत फास्ट हो," बहुतेक सगळे म्हणतात.

"फास्ट नहीं. टाइम पर," मी सांगतो. काम झटपट होण्याला तिथे फारशी किंमत नसते, ते ठरल्या क्षणी होण्याला असते. उत्तर अगदी बिनचूक असलं आणि उशिरा आलं, तर ते चूकच धरायचं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता सांगताना मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत असतो.

काल एक मुलगी आली. तयारी चांगली होती, पण एका शब्दाशी अडली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मी तो शब्द तिला देऊन टाकला. ती "जी सर" म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. तिला तो येत होता. आणखी दोन-तीन श्वासांत ती तिथे पोचली असती. घरी येताना रस्त्यात कैऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या, डांबर मऊ झालं होतं, आणि मला तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवत राहिला. खरं तर तो दर वर्षीच आठवतो, पण काल मला स्वतःचा राग आला.

मुक्ता माझी धाकटी बहीण. लहानपणापासून बोलताना अडखळते. काही अक्षरं तिला अडवून धरतात, प, क, म, आणि मग ती मान किंचित डावीकडे वळवून त्या अक्षराशी झुंजत राहते. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. किराणा दुकानात, फोनवर, नातेवाइकांत तिचं वाक्य अर्ध्यात थांबलं की पुरं करायचं काम माझं. घरात सगळे म्हणायचे, दादाला मुक्ताच्या मनातलं कळतं. मला त्याचा अभिमान होता. माझं चुकलंय असं तिने कधी म्हटलं नाही, कारण ते म्हणायलाही वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ मी तिला देतच नव्हतो.

आमचं घर अन्नपूर्णेच्या देवळामागे. पुढच्या व्हरांड्यात मुक्ता अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायची. तिची एक पद्धत होती. ती कुणी तिला शिकवली नव्हती, तिची तिनेच बसवली होती. बोलता बोलता शब्द अडकला की ती त्याच्याशी झगडत बसायची नाही. वळून फळ्यावर तो शब्द लिहायची, आणि समोरची सगळी मुलं तो एका सुरात मोठ्याने वाचायची. मग ती मान हलवून पुढचं वाक्य सुरू करायची. तासाभरात असे पंधरा-वीस शब्द व्हायचे. आत बसून ऐकताना वाटायचं, व्हरांड्यात कसली तरी आरती चाललीय. मुलांना त्यात मजा यायची, आणि ती शब्दही विसरायची नाहीत. मला मात्र तो सगळा प्रकार ऐकून कसंसंच व्हायचं. लोक काय म्हणत असतील, हे माझ्या मनात पहिल्यांदा यायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत पलासियातल्या एका मोठ्या कोचिंगमध्ये गणिताची जागा निघाली. मुक्ताने ती जाहिरात कापून माझ्या टेबलावर ठेवली. "दादा, मला मो... मो..." ती म्हणाली, आणि मी म्हटलं, "मोठ्या वर्गावर शिकवायचंय." ती हसली. तिला खरोखरच तेच म्हणायचं होतं. व्हरांड्यातली दहा मुलं सोडून दीडशे मुलांसमोर उभं राहायचं, एवढी एकच इच्छा तिने आम्हाला कधी बोलून दाखवली. त्यासाठी मेच्या पहिल्या आठवड्यात तिला तिथे एक डेमो द्यायचा होता, म्हणजे तिथल्या सरांसमोर आणि एका भरलेल्या वर्गासमोर पाऊण तास शिकवून दाखवायचं. त्यावर सगळं ठरणार होतं.

मी लगेच कामाला लागलो. तिला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. माझ्या वाचण्यात आलं होतं की अडखळणाऱ्या काही माणसांच्या कानात त्यांचाच आवाज किंचित उशिरा सोडला, साधारण साठ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग, तर ती सरळ बोलू लागतात. का बोलू लागतात ते नीट कुणी सांगत नाही. आपल्याबरोबर आणखी कुणी बोलतंय असं वाटत असावं. पण उशीर रोज तेवढाच हवा. तो कमी-जास्त झाला की गाडी बिघडते, आणि फारच वाढला तर ज्याला काही त्रास नाही असा माणूसही तोतरा होतो. मोबाइलवर आम्ही करून पाहिलं. चार मिनिटं मुक्ता छान बोलली, मग फोनला मध्येच दुसरं काही काम सुचलं, आवाज मागे पडला आणि ती कोसळली. तेव्हा ठरलं, लॅपटॉपवर आपण स्वतः करायचं.

आपण म्हणजे मी आणि मोघे. मोघे कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, जन्म इंदूरचा, मध्ये बरीच वर्षं बंगळूरला साउंड कार्डांचे ड्रायव्हर लिहिण्यात घालवलेली. कार्ड आणि बाकीची मशीन यांच्यामध्ये बसून दोघांचं बोलणं जुळवणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. त्या विषयावर मोघ्यांइतकं जाणणारा माणूस गावात दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतकं बोलणाराही. त्यांनी ऐकल्याबरोबर होकार दिला. "अरे भिया, अपन करून टाकू. मुक्तासाठी एवढं तर बनतंच ना," ते भैयाचा इंदुरी 'भिया' करत म्हणाले, आणि त्या म्हणण्यात काही खोट नव्हती.

मार्चपासून दुपारी कॉलेज सुटलं की ते माझ्या मागे स्कूटरवर बसून घरी यायचे. आई पन्हं करून ठेवायची. ते पिऊन झालं की कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, कारण माइकमध्ये त्यांची घरघर येते. मुक्ता एका कानात इयरफोन घालून, कॉलरला माइक लावून बसायची आणि समोरच्या कागदावरून डेमोचा पाठ वाचायची. तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ यायचे, ती ओढणीने पुसायला गेली की माइक खरखरायचा आणि मी हात वर करून तिला थांबवायचो. एकदा आई ग्लास उचलायला आली तर मी तिच्यावर खेकसलो. त्या बंद खोलीचा वास अजून माझ्या नाकात आहे, कैरीचा, गरम झालेल्या प्लास्टिकचा आणि आमच्या घामाचा.

आणि तिथे आमचा वाद सुरू झाला.

वाद समजायला अवघड नाही. कार्ड ठरलेल्या गतीने आवाजाचे तुकडे मागत असतं. पुढचा तुकडा वेळेवर पोचला नाही तर तेवढ्यापुरता आवाज तुटतो, कानात टक् होतं. आता हे तुकडे द्यायचे कुणी? मोघे म्हणायचे, प्रत्येक सिस्टिममध्ये सगळ्यांचा आवाज गोळा करून कार्डाला देणारा एक मधला थर असतो, आपण निमूट त्याच्या हाती द्यावं. मी म्हणायचो, मधला कुणी नको, आपला प्रोग्रॅम थेट कार्डाला जोडायचा, कार्ड मागेल त्या क्षणी बाकी सगळं थांबवून आपणच द्यायचं.

"अरे भिया, सिस्टिम सगळ्यांची आहे ना? एकट्या तुझ्या आवाजाची थोडी आहे," मोघे म्हणायचे. "सगळ्यांना ढकलून तू पुढे घुसशील, और कहीं अटक गया, तर सगळी मशीन घेऊन बसेल. मग माउससुद्धा हलणार नाही. ये कोई डिझाइन हुई?"

"आणि तुमच्या थराला वेळ कळते का, मोघेजी? आवाज तुटला की तो काय करतो? साठा वाढवतो."

हा साठ्याचा मुद्दा माझा आवडता होता. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ चुकला तर पंचाईत नको म्हणून जो-तो गच्चीवर टाक्या वाढवत जातो. मोघ्यांचा मधला थर तसाच वागायचा. एकदा तुकडा चुकला की तो घाबरून जास्त तुकडे आधीपासून भरून ठेवू लागायचा, म्हणजे पुन्हा तुटायला नको. गाणं ऐकणाऱ्याला ते सोयीचंच. पण भरून ठेवलेला आवाज कानात पोचायला तेवढाच जास्त उशीर लागतो. साठचे शंभर होतात, शंभरचे दोनशे, आणि एकदा वाढलेला साठा तो थर आपणहून कमी करत नाही. मी मोघ्यांना म्हटलं, मुक्ताला टाकी नकोय, तिला धार हवी आहे. हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते नंतर वर्गातही वापरलं.

एक दिवस मोघ्यांनी गंमत म्हणून स्वतःच्या कानात इयरफोन घातला आणि मला उशीर दोनशेवर न्यायला सांगितलं. दिवसभर अखंड बोलणारा तो माणूस दुसऱ्याच वाक्याला "मैं-मैं-मैं" करू लागला. त्यांनी इयरफोन उपटला आणि ते पोट धरून हसले. मीही हसलो. आई दारात उभी होती, तिलाही हसू आवरेना. "बाप रे, ये तो बडा मुश्किल काम है," मोघे डोळे पुसत म्हणाले. मुक्ता कागदावरची एक ओळ पेन्सिलीने अधोरेखित करत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

मार्चच्या शेवटी एका दुपारी ती सलग अकरा मिनिटं बोलली. एकही अक्षर अडलं नाही. आवाज तिचाच होता, पण आम्ही तो असा कधी ऐकला नव्हता, जरा जाडसर, ठाम, सत्तावीस वर्षं तो कुठे होता कोण जाणे. आई पोळ्या टाकून आली होती, हाताला पीठ तसंच, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्या क्षणी मी मुक्ताकडे पाहायला हवं होतं. मी पाहिलं मोघ्यांकडे, विजयाने, कारण आदल्या दिवशी मी थेट जोडणीचा प्रोग्रॅम पुरा केला होता. मोघे म्हणाले, "भिया, आज तर माझा रस्ता चालू होता. तुझा मी सकाळीच कॉलेजात बंद केला." त्यावरून आमचं जे जुंपलं ते संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत.

पुढे हा वाद मेलवर गेला. रोज सकाळी चहाबरोबर मोघ्यांचं पत्र, क्रमांक घातलेले मुद्दे, बाणांच्या आकृत्या. मी कॉलेजात पोचायच्या आत उत्तर. लोक असे वाद जगभर घालतात आणि ते कधी मिटत नाहीत, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. मला त्यात किती आनंद होत होता हे सांगायला आज लाज वाटते. बऱ्याच वर्षांत कुणी माझ्याशी तोडीस तोड बोललं नव्हतं. शिकवणं म्हणजे तेच ते झालं होतं. मुक्ताच्या निमित्ताने मला माझा विषय परत मिळाला होता, आणि एप्रिल अर्धा सरेपर्यंत ती खरोखरच निमित्तापुरती उरली होती.

ती आता ट्यूशनलाही इयरफोन घालून बसायची. सराव व्हावा म्हणून मीच सांगितलं होतं. फळ्यावर शब्द लिहिणं बंद झालं. व्हरांड्यातून एकट्या तिचा आवाज यायचा, एकसारखा, आणि मुलं गप्प असायची. एक दिवस पुढच्या ओळीतली मुलगी म्हणाली, "दीदी, अब हम नहीं बोलें?" मुक्ताने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी ती गोष्ट मोघ्यांना यशाची खूण म्हणून सांगितली.

डेमोच्या दिवशी सकाळी मी माझा रस्ता शेवटचा तपासायला घेतला आणि लॅपटॉप जागच्या जागी गोठला. माउस हलेना, बंदही होईना. मोघे म्हणाले होते तसंच. तासाभराने तो कसाबसा उठला तेव्हा निघायची वेळ झाली होती, म्हणून मोघ्यांचा रस्ता चालू केला. त्या मधल्या थराला साठा वाढवू नको असं बजावणारी एक ओळ घालता आली असती. ती मला माहीत होती. तीन आठवड्यांपूर्वी मोघ्यांना धाडलेल्या लांबलचक मेलमध्ये मीच तिचा उल्लेख केला होता, आणि पुढे लिहिलं होतं की असल्या ठिगळांनी मूळ डिझाइनचा दोष झाकत नाही. ती ओळ मी त्या सकाळी घातली नाही. घाईत राहून गेली, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही. पण घाईत माणूस विसरतो ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि हे तसं नव्हतं. मोघ्यांचा रस्ता कुठेतरी फसावा असं मला वाटत होतं. तिथेच, त्या दिवशीच फसावा असं नव्हे, पण फसावा.

पलासियाच्या चौकात ऊन नुसतं भाजत होतं. कोचिंगची इमारत आत मात्र थंडगार, एसीची. वर्ग भरलेला. मी मागच्या बाकावर बसलो. मुक्ताने पिवळी साडी नेसली होती, केस एका बाजूला घेऊन इयरफोनची वायर झाकली होती. त्यांच्या माणसाने येऊन लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला आणि सहज म्हणाला, "मैडम, हम डेमो रिकॉर्ड करते हैं," आणि त्यांचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर चालू करून गेला. मी ते पाहत होतो. मशीनवर एवढा भार पडला तर काय होईल हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. उठून त्याला थांबवणं मला अवघड वाटलं, सगळ्यांना कारण सांगावं लागलं असतं.

पहिली दहा मिनिटं ती उत्तम बोलली. मुलं माना डोलावत होती, सर काही लिहून घेत होते. मग तिच्या चेहऱ्यावर एक बारीक आठी आली. कानात टक् झालं असणार. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. तिचा वेग कमी झाला, शब्द लांबू लागले, जणू ती कुणाच्या तरी मागून चालत होती आणि तो माणूस सारखा थांबत होता. आणि मग 'प्रायिकता', म्हणजे आपली संभाव्यता, हा शब्द आला, त्याचा प आला, आणि ती अडली. पूर्वी अडायची त्याहून वाईट, कारण कानातला तिचा स्वतःचा उशिरा येणारा आवाज तिला आणखी अडवत होता.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बघा, मी म्हटलं होतं.

हातात खडू होता. पाठीमागे फळा होता. व्हरांड्यात असती तर ती वळली असती, शब्द लिहिला असता आणि पोरांनी तो वाचला असता. ती वळली नाही. दोन महिन्यांत आम्ही तिची ती सवय मोडून टाकली होती. तिने इयरफोन काढला, पण आता त्याच्याशिवायही तिला जमेना. कुणी हसलं नाही. सगळा वर्ग शांत बसून वाट पाहत होता. सर म्हणाले, "आराम से, मैडम. पानी लीजिए. कोई जल्दी नहीं है." त्यांच्या आवाजात खरंच घाई नव्हती.

तेव्हा मी मागच्या बाकावरून उठलो आणि मोठ्याने म्हणालो, "प्रायिकता."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मुक्तानेही पाहिलं. मग तिने खडू जपून टेबलावर ठेवला, हात झटकले, सरांना नमस्कार केला आणि ती बाहेर गेली. आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. अन्नपूर्णेच्या कमानीपाशी नेहमीसारखी गर्दी होती. मी म्हटलं, "पुढच्या वेळी आपण ते रेकॉर्डिंग आधीच बंद करायला सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोघ्यांचं पत्र आलं. त्यांना फार वाईट वाटलं होतं, ते त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं होतं. खाली तीन मुद्दे होते, दोष रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा, मधल्या थराचा नाही, आणि सोबत लॅपटॉपमधल्या नोंदी जोडल्या होत्या. मी पाच मुद्द्यांत उत्तर दिलं. हे पुढे दोन आठवडे चाललं. आमच्या दोन खोल्यांमध्ये एक पातळ भिंत आहे, आणि पलीकडे मुक्ता होती.

ट्यूशन तिने त्याच महिन्यात बंद केली. मुलं दोन-तीन दिवस येऊन दारातून परत गेली. आता ती घरी बसून कुठल्याशा कंपनीसाठी गणितांची उत्तरं तपासते, सगळं लेखी. आईशी थोडं बोलते. मला काही सांगायचं असलं तर पलीकडच्या खोलीतून मेसेज करते, त्यात शुद्ध, पुरी वाक्यं असतात. 'दादा, गॅस संपत आला आहे.' 'दादा, आज पाणी येणार आहे.' भांडण असं काहीच नाही. फळा गच्चीवर आहे, उन्हाळ्यात आई त्यावर कापड पसरून साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालते. मोघे पुण्याला गेले, दिवाळीला शुभेच्छा येतात. त्या वादाचं पुढे काय झालं हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

वर्गात शिकवताना मी मुदत हा शब्द फार वापरतो. प्रत्येक कामाला मुदत असते, ती चुकली की काम फुकट. पण ती मुदत घालतं कोण, हे मी त्या उन्हाळ्यात एकदाही विचारलं नाही. व्हरांड्यातल्या मुलांनी तिला घातली नव्हती. कोचिंगच्या सरांनीही नव्हती. मुक्ताच्या वाक्याला मुदत होती ती माझी, लहानपणापासून, आणि ती मोजून दोन-तीन श्वासांची होती.

काल घरी आलो ते जुनी डिस्क काढून बसलो. वायवाच्या फाइली ठेवायला जागा हवी होती. त्यात त्या उन्हाळ्याच्या चाचण्यांचा एक फोल्डर निघाला. दर चाचणीच्या वेळी आम्ही एक वेगळा मोबाइल टेबलावर ठेवायचो आणि मुक्ताचा आवाज व दुसऱ्या इयरफोनमधून येणारा तोच आवाज असे दोन्ही त्यात घ्यायचो. मग ती फाइल स्क्रीनवर उघडायची, दोन उंचवटे शोधायचे आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचं. साठ. एकसष्ट. साठ. अशा सत्तरेक फाइली होत्या. प्रत्येक मी मोजली होती. ऐकली एकही नव्हती, ऐकायचं कारणच पडलं नव्हतं.

पुसण्याआधी एक लावून पाहिली. तारीख मधल्या एप्रिलची. सुरुवातीला मुक्ता वाचतेय, मग मी "थांब" म्हणतो आणि प्रोग्रॅम बंद करतो, कारण मोघ्यांशी माझं काहीतरी अडलंय. मोबाइल मात्र चालूच राहिलेला. आमचे दोघांचे आवाज चढलेले आहेत. मी साठ्याबद्दल बोलतोय, टाकी आणि धार, ते सगळं. मोघे म्हणतायत, "तू ऐकून तर घे, भिया, पूरी बात तो सुन." आणि आमच्या आवाजांच्या खाली, मोबाइलच्या अगदी जवळ, मुक्ता बोलतेय. कानात काही नसताना, तिच्या तिच्या बोलण्यात.

"दादा, म... म... मला हे क... का... कानात नको." मग बराच वेळ नुसतं श्वासाचं झुंजणं. मी अजून बोलतोच आहे. "मी फ... फळ्यावर लि... लिहूनच शि... शिकवीन. प... प... पोरं वाचतील."

तिने ते संपवलं होतं. पूर्ण वाक्य, कुणाची मदत न घेता, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्याला चाळीस सेकंद लागले होते, हे मी काल मोजलं. पुढे काही क्षण कुणीच बोलत नाही. ती वाट पाहत असावी. मग माझा आवाज येतो, जवळून, उत्साहात. "हां, झालं, चालू केलंय. मुक्ता, तू काही म्हणत होतीस? बरं, नंतर सांग. आधी पहिल्यापासून वाच."

कागदाची सळसळ होते. आणि ती वाचू लागते, "एक थैले में पाँच लाल और तीन नीली गेंदें हैं," आणि पुढची साडेनऊ मिनिटं, ते पान संपेपर्यंत, कुठेही अडखळत नाही.